प्रत्येक कोपराला टेकू

तीर्थरूप आत्याच्या चरणी, तिच्या एकुलत्या एका (आणि म्हणून नाइलाजाने लाडक्या) भाच्याचा साष्टांग नमस्कार.

विनंती विशेष. इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत, तुझा गुडघा कसा आहे ते कळव. मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की तो जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना गप्प बसतो. पुस्तक कुठवर आलं? विषमतेचं प्रकरण संपलं आणि लोकानुनयाचं सुरू झालं, असं तू कळवलं होतंस (हा शब्द मी तुझ्या पत्रात बघून बघून लिहिलाय, मोठ्याने म्हणताना जीभ अजून अडखळते). तुझ्या भाचेसुनेने नमस्कार सांगितला आहे. आणखी असं सांगितलं आहे की यापुढे आत्याबाईंना काही पाठवायचंच असेल तर लोकरीचे मोजे पाठवावेत, कागद पाठवू नयेत. ती असं का म्हणते ते पत्र संपेपर्यंत तुला कळेलच.

आत्या, आता दम धर, कारण मला धरवत नाहीये. मी अध्यक्ष झालो! आमच्या कर्मचारी संघटनेचा! लहानपणी ज्याला तू वर्गाचा मॉनिटर करायला बाईंना चिठ्ठी लिहिली होतीस आणि तरीही ज्याला कोणी केलं नाही, तो तुझा भाचा चाळीसपैकी तेहतीस मतं मिळवून निवडून आला. लोकांनी मला खांद्यावर घेतलं (दाराच्या चौकटीपाशी उतरवलं, कारण चौकट बुटकी आहे). आणि हे सगळं तुझ्या त्या चाळीस प्रश्नावल्यांमुळे झालं. याच चाळीस प्रश्नावल्यांमुळे पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी भर सभेत असंही ठरणार आहे की मी अध्यक्ष राहतो, की नुसता स्टोअरकीपर राहतो, की तोही राहत नाही. म्हणजे नोकरी टांगणीला लागली आहे. पण ते नंतर. आधी खुर्च्यांबद्दल सांगतो, नाहीतर तुला काही उमगायचं नाही.

आमचं ऑफिस मोजणीच्या नकाशांचं. तळाला माझं सामानाचं स्टोअर, मधल्या दोन मजल्यांवर कारकून, तिसऱ्या मजल्यावर साहेब. ऑफिसात माणसाची किंमत कळायला त्याचं तोंड बघावं लागत नाही, बूड कशावर आहे ते बघितलं की पुरतं. पहिल्या श्रेणीला फिरती खुर्ची, डोक्यामागे उशीसकट. दुसऱ्या श्रेणीला हातांची खुर्ची. तिसऱ्या श्रेणीला बिनहातांची. चौथ्या श्रेणीला, म्हणजे शिपायांना, स्टूल. प्रत्येकीच्या बुडाला पांढऱ्या ऑइलपेंटने आकडा घातलेला असतो, आणि तो माझ्या अक्षरात असतो. आता गंमत ऐक. कधीकधी स्टोअरात बिनहातांच्या खुर्च्या संपतात आणि हातांच्या मात्र धूळ खात पडलेल्या असतात. अशा वेळी नव्या कारकुनाला हातांची खुर्ची देऊन टाकावी, असं तुला वाटेल. छे! त्याला तिचा हक्क नाही. म्हणून आम्ही सुताराला बोलावतो, तो करवतीने दोन्ही हात कापतो, आणि मग ती खुर्ची कारकुनाला रीतसर मिळते. कापलेले हात सरकारी मालमत्ता असल्यामुळे टाकता येत नाहीत. सुतळीने जोडी बांधून, चिठ्ठी लावून ते मी फळीवर ठेवतो. आजमितीस बासष्ट जोड्या आहेत. नवा माणूस स्टोअरात पहिल्यांदा आला की दोन पावलं मागे सरकतोच.

एकदा एक हात कापून झाल्यावर सुताराची करवत मोडली. दुसरी येईपर्यंत तो कारकून त्याच खुर्चीवर बसला आणि मग तिच्यावरून उठायलाच तयार होईना. त्याला आम्ही एकहाती म्हणतो. सोळा वर्षं झाली. डाव्या कोपराला टेकू आहे एवढ्या भांडवलावर तो सगळ्या हॉलला तुच्छतेने बघतो, फाइल देताना तर नेहमी डाव्याच हाताने देतो. साहेबांच्या फिरत्या खुर्चीचा आमच्यात कोणाला हेवा वाटत नाही, ती आकाशातली. पण एकहातीच्या त्या एका हातावरून तीसजणांचा रोज जळफळाट होतो.

अशा या ऑफिसात तुझ्या पुस्तकासाठीच्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा आला. चाळीस फॉर्म! मी माणसं बसलेल्या खुर्च्या मोजल्या, तर माझी धरून बरोबर चाळीस! हिशेब इतका चोख जुळला की मला भरूनच आलं (ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे लागणार आहे). तू सोबत लिहिलं होतंस की फॉर्म वाटणाऱ्याने उत्तरांवर आपला प्रभाव पडू देऊ नये. मी म्हटलं, आत्या, माझा प्रभाव घरात पडत नाही, तो ऑफिसात काय पडणार! सगळ्यांनी मन लावून फॉर्म भरले. तिसऱ्या प्रश्नात तू दहा पायऱ्यांचं चित्र काढलं होतंस ना, समाजात सगळ्यात वरचे लोक दहाव्या पायरीवर, सगळ्यात खालचे पहिल्या, तर तुम्ही कुठे उभे आहात तिथे खूण करा? चाळीसच्या चाळीसजणांनी पाचवीवर खूण केली. साहेबांनीसुद्धा! त्यांना विचारलं तर म्हणाले की वरच्या कार्यालयातली माणसं बघितलीत का कधी. बिचाऱ्या त्या पाचव्या पायरीवर आमचं अख्खं ऑफिस चेंगराचेंगरी करून उभं आहे.

पण खरा स्फोट सातव्या प्रश्नाने केला. 'तुमच्या कामाच्या जागी कोणती एक गोष्ट बदलावी असं तुम्हाला वाटतं?' एकोणतीसजणांनी लिहिलं, खुर्चीला हात. ज्यांना हात होते त्या आठजणांनी लिहिलं, फिरती खुर्ची. साहेबांनी लिहिलं, वरच्या कार्यालयात असते तशी उंच पाठ. एकहातीने लिहिलं, माझा हात काढू नये आणि इतरांना देऊ नये. एका फॉर्मवर नुसता 'टेबलं' एवढाच शब्द होता. अक्षरावरून मी ओळखलं की हे संघटनेच्या तेव्हाच्या म्हाताऱ्या अध्यक्षांचं. त्यांना आम्ही परिपत्रक म्हणतो, कारण ते बोलायला लागले की आधी संदर्भ क्रमांक देतात. मी हसलो आणि पुढचा फॉर्म घेतला.

आता माझ्या हातून जे घडलं ते कोणाही स्टोअरकीपरच्या हातून घडलं असतं, हे तू त्या पुस्तकात स्पष्ट लिही. बावीस वर्षं माझ्यासमोर जो कागद येतो, ज्याच्यावर कोणीतरी काहीतरी मागितलेलं असतं, त्यावर मी आकडा घालतो, 'मागणी नोंदली' असा गोल शिक्का मारतो आणि पोचपावती फाडून देतो. हात आपोआप चालतो. डोकं तेव्हा बहुतेक घरी असतं. तर चाळीसही फॉर्मवर मी शिक्का मारला आणि चाळीसजणांना पावत्या दिल्या. माझाही फॉर्म होता. त्यावरही शिक्का मारला आणि मीच मला पावती देऊन ती जपून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता स्टोअरच्या खिडकीशी ही रांग! प्रत्येकाच्या हातात पावती. नोंदलेली मागणी म्हणजे आमच्याकडे दगडावरची रेघ, ती पुरी केल्याशिवाय बंद होत नाही. खुर्च्या कधी येणार, हात कधी लागणार, माझा नंबर चौदावा आहे तर मला एकोणिसाव्याच्या आधी मिळाले पाहिजेत. आत्या, त्या क्षणी मी सांगायला हवं होतं की बाबांनो, ही माझ्या आत्याच्या अभ्यासाची प्रश्नावली आहे, शिक्का चुकून पडला. मी तोंड उघडलंही. पण शिक्क्याचा गैरवापर म्हणजे निलंबन, आणि समोर ती सगळी तोंडं, माझ्याकडे पहिल्यांदाच आशेने बघणारी! उचलली जीभ लावली टाळ्याला. मी खुर्चीवर चढलो (बिनहातांच्या, आधाराला काही नाही, सुताराने पाय धरले होते) आणि म्हणालो की तुमचे हात कुठे आहेत ठाऊक आहे का? ते याच खोलीत, माझ्या मागे, सुतळीने बांधून ठेवलेत! आणि ते कापायची सही कोणाची? तिसऱ्या मजल्याची!

टाळ्या पडल्या! खऱ्या! आयुष्यात पहिल्यांदा! त्यानंतर मी काय काय बोललो ते मला नीट आठवत नाही, पण 'आपण' आणि 'ते' हे दोनच शब्द फिरवून फिरवून वापरले, एवढं आठवतं. तू लिहिलंस ना की लोकानुनय करणारा पुढारी म्हणतो, खरे लोक आम्हीच आणि वरचे सगळे त्यांना लुबाडणारे? मी तुझं वाचून तसं बोललो नाही हं. ते आपोआप सुचतं. घोषणाही तिथेच सुचली: प्रत्येक कोपराला टेकू मिळालाच पाहिजे! दुपारपर्यंत दोन्ही मजल्यांवर कागद चिकटले, आणि ज्यांना आधीच हात होते तेही ओरडत होते. का, ते त्यांना विचारायचं कोणाला सुचलं नाही.

निवडणूक त्याच शुक्रवारी होती. समोर परिपत्रक. अकरा वर्षं बिनविरोध अध्यक्ष, कारण दुसरं कोणी उभंच राहत नसे. त्यांनी भाषणाला एक फाइल आणली आणि अकरा वर्षांत टेबलांबाबत वरिष्ठांशी झालेला सेहेचाळीस पत्रांचा व्यवहार वाचायला सुरुवात केली. नवव्या पत्रापाशी मागचे लोक जांभया द्यायला लागले. मी उठलो, एवढंच म्हणालो की काका, आम्ही खुर्ची मागतोय आणि तुम्ही टेबल वाचताय, आणि हॉल हसून हसून कोसळला. ते चष्मा पुसत बसले. माझ्या आनंदात मला ते दिसले नव्हते. आता दिसतात.

निवडून आलो आणि थेट तिसऱ्या मजल्यावर गेलो, मागे तीसजणांचा घोळका. साहेबांनी मला एकट्याला आत घेतलं. माणूस भलताच गोड, आत्या! चहा मागवला, बिस्किटं मागवली, आणि बसायला म्हणून आपल्या खोलीतली दुसरी फिरती खुर्ची पुढे केली. मी बसलो. अगं, ती फिरते! नुसती टाच टेकवली की फिरते! डोकं मागे टाकलं तर उशी! दहा मिनिटं मी तिथे काय बोललो असेन देव जाणे, पण बाहेर आलो तेव्हा माझ्या हातात मंजुरी होती: कापलेले हात पुन्हा बसवायला हरकत नाही. साहेबांना त्यात काहीच द्यावं लागत नव्हतं, हे मला फिरता फिरता सुचलं नाही.

सुताराने हात चिकटवायला तीन दिवस हॉलमध्ये सरस शिजवला. बासष्ट जोड्यांतून तीस खुर्च्यांना हात निवडायचे, तर एक धड जुळेना. कोणाला दोन्ही उजवे लागले, कोणाचा एक शिसवी तर दुसरा पिवळा. पण उत्साह असा की कोणी हूं की चूं केलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी माझ्याखेरीज एकोणतीसजण एकदम आपापल्या खुर्च्यांवर बसले, कोपर टेकले, सुस्कारे सोडले. मी दारात उभा होतो. डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. मग त्यांनी कामाला लागायचं म्हणून खुर्च्या पुढे ओढल्या.

खुर्च्या टेबलाखाली जाईनात. हात टेबलाच्या कडेला थडकून थांबले. एकोणतीस खुर्च्या एकदम ठक्क करून थडकल्याचा तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. आमच्या तिसऱ्या श्रेणीची टेबलं चार बोटं बुटकी! (एकहाती सोळा वर्षं तिरका का बसतो ते तेव्हा कळलं.) आता कोपराला टेकू होता, पण लेखणी कागदापर्यंत पोचत नव्हती. हात लांब करून, मान पुढे काढून, टेबलापासून दीड वीत मागे बसून सगळे लिहायला लागले, आणि दुपारपर्यंत प्रत्येकाची कंबर धरली.

त्या संध्याकाळी मी परिपत्रकांच्या टेबलाशी गेलो. त्यांनी खणातून ती फाइल काढून पहिलंच पान माझ्यापुढे ठेवलं. सव्वीस वर्षांपूर्वी दुसरं एक ऑफिस बंद झालं, त्याची बुटकी टेबलं आमच्या गळ्यात पडली आणि हातांच्या खुर्च्या खाली जाईनात म्हणून तात्पुरते हात कापले. तात्पुरते! मग दोन वर्षांनी कोणीतरी विचारलं की या लोकांना हात का नाहीत, तेव्हा कोणाला आठवेना, म्हणून नियम लिहिला गेला की तिसऱ्या श्रेणीस हातांचा हक्क नाही. वरातीमागून घोडं! आत्या, तू लिहिलं होतंस की काही अभ्यासक म्हणतात, विषमता गरजेपोटी असते, मोठ्या कामाला मोठी जागा. काही म्हणतात, वर बसलेले ती आपल्या सोयीने घडवतात. आणि काही म्हणतात, ती रोजच्या वागण्यातून, मान देण्याघेण्यातून आपणच जिवंत ठेवतो. तिघांनाही आमच्या ऑफिसात घेऊन ये. इथे आधी करवत आली, मग नियम आला, आणि सोळा वर्षं डाव्या हाताने फाइल देणारा एकहाती सगळ्यात शेवटी आला. तिघेही बरोबर आणि तिघांनाही बसायला जागा नाही.

(परिपत्रकांनी वरिष्ठांकडून पुढल्या वर्षी बारा उंच टेबलं कबूल करून घेतली होती. बारा! सेहेचाळिसाव्या पत्रात. मी ते वाचू दिलं नाही.)

आता इथे शहाणा माणूस थांबला असता. पण मी अध्यक्ष होतो. दुसऱ्या सकाळी हॉल खवळला होता. खुर्च्या दीड वीत मागे सरकल्यामुळे मधली वाट अरुंद झाली, जो तो ज्याच्या त्याच्या अंगावर आदळत होता, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. त्या डोळ्यांच्या जोड्या पुन्हा! पहिल्यांदा आशेने बघत होत्या, आता तशा नव्हत्या. माझी नजर इकडे तिकडे फिरली. वाटेत भिंतीला लागून सात स्टुलं होती. मी म्हणालो की जागा कोणी अडवली ते बघा! खुर्च्यांची चूक नाही, हातांची चूक नाही, आपल्या वाटेत ही स्टुलं आहेत! झालं. टाळ्या! तिसऱ्या मजल्याचं नाव त्या दिवशी कोणी काढलंच नाही. पंधरा मिनिटांत सातही स्टुलं माझ्या स्टोअरात आली, मी ती रीतसर नोंदवली, आणि साहेबांनी खाली निरोप पाठवला की भाषण उत्तम झालं.

दुपारी मी नकाशांच्या खोलीवरून गेलो. बाहेर मावशी उभी होती. आमची शिपाई मावशी, एकोणतीस वर्षं त्या दाराशी स्टुलावर बसलेली. मला नोकरी लागली तेव्हा स्टोअरची वाट तिनेच दाखवली होती. ती भिंतीला न टेकता उभी होती, कारण भिंतीला नवा रंग दिलाय आणि डाग पडतो म्हणून रंगारी ओरडला होता. मी विचारलं, मावशी, बसत का नाहीस? ती म्हणाली, "कशावर?" रागाने नाही म्हणाली. मला खरंच ठाऊक नसेल असं वाटून तिने माहिती दिली. आत्या, मला लाज वाटली. चाळीस फॉर्म आणि चाळीस खुर्च्या जुळल्या म्हणून मी नाचलो होतो ना? त्या मोजणीत सात स्टुलं नव्हतीच. त्यांच्यापैकी एकालाही मी फॉर्म दिला नव्हता, आणि दिला नाही हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

तर अशी हकीकत आहे. बाकी सर्व क्षेम. तुझी भाचेसून म्हणते की मी झोपेतही 'आपण' आणि 'ते' म्हणतो, आणि घरात आपण कोण आणि ते कोण हे एकदा तिला समजावून सांगावं. गुडघ्याला जप, जिना सावकाश चढ, आणि पुस्तकात माझं भाषण घातलंस तर टाळ्या कुठे कुठे पडल्या ते कंसात टाक. थोरांना नमस्कार, लहान कोणी भेटलं तर त्याला सांग की स्टोअरकीपर होऊ नये.

तुझा भाचा,
अध्यक्ष (तूर्त)

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलंच. एकहातीने (आता सगळ्यांना दोन-दोन हात आले आणि त्याची शान गेली, म्हणून) शिक्क्याची तक्रार केली आहे. मला मेमो आला आहे, आणि सोमवारच्या सभेत चौकशी आहे. तेव्हा तू तुझ्या जुन्या कॉलेजच्या कागदावर चार ओळी लिहून पाठव की ते शिक्के तुझ्या सांगण्यावरून, संशोधनाचा भाग म्हणून मारले होते. तू बाई माणूस, त्यातून प्राध्यापक, त्यातून निवृत्त. तुला कोण काय करणार?

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी साहेबांनी बोलावलं होतं. म्हणाले की स्टुलांचा विषय असाच लावून धरलात तर मेमो कुठल्या खणात गेला हे मलाही आठवणार नाही. पुन्हा त्या फिरत्या खुर्चीत बसवलं. या वेळी ती फिरली तेव्हा मला गरगरलं. मी खाली आलो आणि माझी खुर्ची (दोन्ही उजवे हात) उचलून मावशीच्या दाराशी नेऊन ठेवली. ती बसली, पण घंटा वाजली की दोन्हीकडच्या हातांत अडकून तिला झटकन उठता येईना. मी विचारलं, मग तुला काय हवं मावशी? एकोणतीस वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं, असं तिला विचार करायला जितका वेळ लागला त्यावरून वाटलं. मग म्हणाली, "हात कशाला? पाठ टेकायला काहीतरी असतं तर बरं."

ता. क. ३. आत्या, ते चार ओळींचं पत्र पाठवू नकोस. तू खोटं लिहिणार नाहीस हे मला ठाऊक होतंच, विचारून बघितलं इतकंच. सोमवारी मी सभेत उभा राहणार आहे, जमिनीवर, खुर्चीवर नाही, आणि सांगणार आहे की शिक्के माझ्या चुकीने पडले, हात माझ्या घाईने लागले आणि स्टुलं माझ्या भित्रेपणाने गेली. सातही स्टुलं मी आजच परत पोचवली. परिपत्रकांची ती सेहेचाळीस पत्रं मीच मोठ्याने वाचणार आहे. टाळ्या पडणार नाहीत, याची तयारी ठेवली आहे. तू फक्त एक कर. एक कोरा फॉर्म पाठव. काल मी माझ्या फॉर्मवरचं ते दहा पायऱ्यांचं चित्र मावशीला दाखवलं आणि विचारलं, तू यातल्या कुठल्या पायरीवर? तिने ते खालपासून वरपर्यंत नीट बघितलं आणि विचारलं, "हा जिना पुसतं कोण?" तुझ्या प्रश्नावलीत हे लिहायला जागा नाही, म्हणून फॉर्मची मागची बाजू कोरी असू दे. तिथे तिच्या शब्दांत तिचं सगळं लिहून घेईन, पाठीसकट. आणि त्या एका फॉर्मवर, नोकरी असली तर, मी शुद्धीत शिक्का मारणार आहे.